मुद्दाम करतो, की जमतच नाही?

पालकांचे प्रश्न, समुपदेशकांची उत्तरं

लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा, म्हणजेच एडीएचडी, या विषयावर पुण्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. सगळी पत्रं आयांची आहेत. जवळजवळ प्रत्येकीनं प्रश्नाच्या आधी मूल असं का वागतं याचं आपलं उत्तर लिहूनच टाकलं आहे: मुद्दाम करतो, आळशी आहे, माझंच चुकलं, बापावर गेलाय. ही वाक्यं आम्ही प्रश्नाइतकीच नीट वाचली. मूल असं का वागतं याबद्दल आईची जी समजूत असते, तिच्यावरच पुढच्या मिनिटाला ती काय करणार हे ठरतं.

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत आहे. मोबाईलवरचा गेम दीड तास मान वर न करता खेळतो, पण गणिताची पाच उदाहरणं एका बैठकीत होत नाहीत. डायरीत रोज लाल शेरा. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलंय. त्याचे बाबा म्हणतात, "गेमला बरं लक्ष लागतं! हा मुद्दाम करतो." मलाही आता तसंच वाटायला लागलंय. — सिंहगड रस्ता

बाबांचा मुद्दा वरवर बिनतोड आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. एडीएचडीच्या मुलाकडे लक्ष नसतंच असं नाही. ते कुठे लावायचं, किती वेळ धरायचं आणि कुठून काढायचं यावरचा ताबा कच्चा असतो. गेम दर दोन-चार सेकंदांनी काहीतरी हातावर ठेवतो: आवाज, गुण, नवी लेव्हल. चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. गणिताचं फळ उद्या मिळणार, तेही वहीवरच्या एका सहीच्या रूपानं. लांबच्या फळासाठी आत्ता तग धरणं हीच या मुलांची खरी अडचण आहे. त्यामुळे गेमवर तासभर बसणं हा मुद्दामपणाचा पुरावा नाही. या मुलांमध्ये हे नेहमीच दिसतं.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन अनेक वर्षं पुन्हा पुन्हा घेतले आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. वाढीच्या काळात मेंदूचा बाहेरचा थर जाड होत जातो. त्यातला निम्मा भाग आपल्या कमाल जाडीला पोचण्याचं वय इतर मुलांत साधारण ७.५ वर्षं निघालं, एडीएचडीच्या मुलांत १०.५. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. थांबणं, आखणं, आवरणं ही कामं याच भागाची. अशा स्कॅनवरून एकट्या मुलाचं निदान होत नाही, पण "आठ वर्षांचा घोडा झालाय" असं म्हणताना हे आकडे आठवावेत.

आता 'मुद्दाम' या शब्दाकडे येऊ. हा शब्द उच्चारताना आपण धरून चालतो की ते वागणं त्याच्या ताब्यात आहे आणि तरीही तो करत नाही. मग शिक्षा वाढते. शिक्षेनं फरक पडत नाही, म्हणून आणखी वाढते. याच्या उलट टोक म्हणजे "आजारच आहे, त्याच्या हातात काही नाही." मग घरात त्याला कुणी काही सांगेनासं होतं आणि नऊ वर्षांच्या मुलाचं दप्तर आई भरते. आम्ही पालकांना धरायला सांगतो ते वाक्य असं : एकट्याला जमत नाही, आधार दिला की जमतं. या वाक्यानंतर "कोणता आधार?" हा प्रश्न आपोआप येतो, आणि त्याला उत्तरं आहेत.

त्यासाठी १४ दिवस एक वही ठेवा. दिवसाला एकच प्रसंग, चार रकाने : किती वाजता, आधी काय घडलं, त्यानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. तिसऱ्या रकान्यात कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच लिहायचं. 'हट्टीपणा केला', 'ऐकलं नाही' हे निकाल आहेत, ते नकोत. एक नोंद अशी दिसेल :

"सकाळी ६.४०. ओट्याजवळून सांगितलं, ब्रश कर, मोजे घाल, बाटली भर. ६.५५ ला गॅलरीत. एक मोजा पायात, दुसरा हातात, कठड्यावरच्या कबुतराकडे बघत उभा. मी ओरडले. मोजा मीच घातला."

ही नोंद दोन-तीनदा वाचा. सूचना तीन, एका दमात, दुसऱ्या खोलीतून, कुकरच्या शिट्टीवरून ओरडून दिलेल्या. पहिली पाळली गेली, दुसरी निम्मी. गॅलरीच्या कठड्यावर कबुतर दिसलं आणि तिसरी डोक्यातून गेली. शेवटी मोजा आईनंच घातला, म्हणजे उशीर केला की काम दुसरं कुणी करतं हेही त्याला कळलं. यात मुद्दामपणा शोधून सापडत नाही. दुरुस्त्या मात्र चार सापडतात. हाताच्या अंतरावर जा. खांद्यावर हात ठेवून तो तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा. एकच सूचना, सात-आठ शब्दांत द्या, ती त्याच्या तोंडून म्हणवून घ्या आणि मनात दहा आकडे मोजा. केल्याबरोबर "सांगितल्या सांगितल्या मोजे घातलेस" असं बोला. "घालतोस ना मोजे?" असं विचारू नका. प्रश्नाला 'नाही' हेही उत्तर असतं.

गणिताची पाच उदाहरणं दोन, दोन, एक अशी वाटा आणि बाकीची कोऱ्या कागदानं झाका. ८ ते १० मिनिटांचा टायमर, मग ३ मिनिटं जिना चढ-उतर किंवा दोरीच्या उड्या. या मधल्या वेळात मोबाईल देऊ नका, कारण तिथून परत आणणं हे नवं भांडण होतं. प्रत्येक टप्प्याला वाटीत एक रुपयाचं नाणं टाका. तीन नाण्यांचं बक्षीस त्याच संध्याकाळी द्या. रविवारपर्यंत वाट बघायला लावली तर योजना बुधवारी मोडते. दोन-तीन आठवड्यांनी बक्षिसाची गोडी ओसरते. तेव्हा पालक म्हणतात, "बघा, हेही चाललं नाही." तिथे बक्षीस बदलायचं, नियम तोच ठेवायचा.

आणि हो, ही मुलं कधीकधी खरोखरच मुद्दाम करतात, इतर मुलांसारखीच. तुमच्याकडे बघत बघत बहिणीचं चित्र फाडलं तर तो नियमभंग आहे. त्याची शिक्षा लहान, लगेच आणि आधी ठरलेली हवी : चित्र चिकटवून द्यायचं, आजचा गेम बंद. पुढच्या आठवड्यातली सहल रद्द करू नका. तोवर त्याच्या लेखी तिचा चित्राशी संबंधच उरत नाही.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, सहावीत. कुणाला त्रास नाही, वर्गात गप्प. पण तीन महिन्यांत दोन बाटल्या, स्वेटर, चार पट्ट्या हरवल्या. प्रश्नपत्रिकेचं मागचं पान बघतच नाही. सासूबाई वेंधळी म्हणतात, मी आळशी. असंही एडीएचडी असतं का? — कोथरूड

असू शकतं. यात चंचलता जवळजवळ नसते, फक्त लक्ष निसटतं. वर्गाला त्रास होत नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही, आणि अशा मुली मागे राहून जातात. निदानाचे निकष २०१३ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार लक्षाशी संबंधित नऊ लक्षणांपैकी कमीत कमी सहा, सहा महिन्यांहून जास्त काळ, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्यामुळे रोजच्या कामात अडथळा यायला हवा आणि काही लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत. आधी ही मर्यादा ७ वर्षांची होती. शांत मुलींची अडचण बहुधा अभ्यास वाढल्यावर, पाचवी-सहावीत उघडी पडते, त्यामुळे हा बदल त्यांच्या कामाचा आहे.

'आळशी' हा शब्द ताडून बघायला सोपा आहे. आळशी मूल नको असलेलं काम टाळतं. तुमची मुलगी आवडीच्या चित्रकलेच्या क्लासलाही रंगपेटी विसरून जाते का? जात असेल तर तो आळस नव्हे.

एडीएचडी म्हणण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या : डोळे, कान, हिमोग्लोबिन, आणि डॉक्टरांना वाटलं तर थायरॉईड. ती झोपेत घोरते का? अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेलं मूल रात्री नीट झोपत नाही आणि दिवसा हरवल्यासारखं दिसतं. या वयात ९ ते १२ तास झोप हवी. रात्री अकराला झोपून सहाच्या व्हॅनसाठी उठणारी कुठलीही मुलगी विसरेलच. बोलता बोलता काही सेकंद टक लावून थिजते, हाक ऐकू येत नाही आणि मग काही झालंच नाही अशी पुढे बोलते, असं होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. तो एक प्रकारचा फिटचा झटका असू शकतो. वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता या मुलांत बऱ्याचदा सोबत असते, तिचीही चाचणी करून घ्या. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, एडीएचडी त्या यादीत नाही. परीक्षेतल्या सवलतींबद्दल शाळेशी बोलताना हा फरक माहीत असलेला बरा.

घरी दाराशी एकच टोपली ठेवा. दप्तर, ओळखपत्र, बाटली, सगळं घरात पाऊल टाकताच तिच्यातच. बाटली दोरीनं दप्तराला बांधा. कंपासच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवा : 'पान उलट'. आणि 'वेंधळी' ऐवजी म्हणा, "आज भरताना यादी बघितली नाहीस." पहिल्या शब्दाचं ती काही करू शकत नाही, दुसऱ्या वाक्याचं करू शकते.

प्रश्न : गोड आणि मैदा बंद केलाय. सासूबाई दर शनिवारी दृष्ट काढतात. गोडानंच मुलाच्या अंगात मस्ती येते ना? — हडपसर

नाही. मुलाला किंवा आईला खरी साखर दिली की नकली, हे कळू न देता केलेले अनेक प्रयोग १९९५ मध्ये एकत्र तपासले गेले. साखरेचा वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग आम्हांला जास्त महत्त्वाचा वाटतो. गोडानं आपला मुलगा चळतो असं मानणाऱ्या आयांची ५ ते ७ वर्षांची मुलं घेतली आणि सगळ्यांना साखर नसलेलं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र 'साखर दिली' असं सांगितलं. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. त्या मुलांच्या जास्त मागे राहिल्या, त्यांना जास्त टोकलं. मुलाच्या पोटात साखर गेली नव्हती, आईच्या मनात गेली होती.

कृत्रिम रंगांचा काही मुलांवर थोडा परिणाम दिसला आहे, म्हणून भडक रंगाची पेयं टाळलीत तर चांगलंच. दातांसाठी साखर कमी करा. श्रीखंडाच्या वाटीवरून घरात वाद नको. सासूबाईंना मीठ-मोहरी ओवाळू द्या, फक्त त्यापायी तपासणी लांबू नये.

प्रश्न : मुलगा ६ महिन्यांचा असताना मी हिंजवडीला नोकरीवर परत रुजू झाले. पाळणाघर, मग आजी, मग मोबाईल. नणंद म्हणते, "आईचं लक्ष नाही म्हणून पोराचं लक्ष नाही." रात्री झोप लागत नाही. — वाकड

तुमच्या नोकरीनं हे झालेलं नाही. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्याचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिकतेशी निगडित आहे. वेळेआधी जन्म आणि कमी वजन यांचाही संबंध आढळतो. घरातल्या वळणानं एडीएचडी होत नाही. वळणामुळे फरक पडतो तो पुढच्या गोष्टींत : भांडणं किती वाढतात, मूल स्वतःला किती नालायक समजायला लागतं. म्हणजे कारण तुम्ही नाही, उपायात मात्र तुमचा वाटा मोठा आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की अपराधीपणा येतो.

अपराधीपणा घरात कसा वागतो तेही बघा. सोमवार ते शुक्रवार "बिचारा" म्हणून सगळं सोडलं जातं, शनिवार-रविवारी आठवड्याची शिस्त एकदम लावली जाते. आजीचे नियम वेगळे, तुमचे वेगळे. या मुलांना बदलते नियम सगळ्यात जड जातात. फ्रिजवर फक्त तीन नियम लिहा, आजीला विचारून लिहा, आणि ते दोघींनी सातही दिवस सारखे पाळा. घरी आल्यावर रोज १५ मिनिटं त्याची. खेळ तो ठरवणार. तुम्ही सूचना द्यायची नाही, शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, फोन दुसऱ्या खोलीत. तो करतोय ते फक्त मोठ्यानं सांगा : "आता लाल गाडी पुलावर." दिवस कितीही वाईट गेला तरी ही १५ मिनिटं शिक्षा म्हणून कापू नका. ज्या दिवशी कापावीशी वाटतात, त्याच दिवशी त्यांची गरज जास्त असते.

एक गोष्ट हळूच विचारतो. वेळा चुकणं, वस्तू हरवणं हे तुमचं किंवा त्याच्या बाबांचंही लहानपणापासून आहे का? 'बापावर गेलाय' हे वाक्य पुष्कळदा खरं असतं. तसं असेल तर भिंतीवरची यादी मुलाबरोबर मोठ्यांच्याही उपयोगाची, आणि मोठ्यांचीही तपासणी होऊ शकते.

प्रश्न : बाईंनी वागण्याबद्दलच्या शाळेच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी 'नेहमी' लिहिलं, मी 'कधीकधी'. डॉक्टर कुणाचं खरं धरतील? — चिंचवड

दोघींचं. पालक आणि शिक्षक यांची उत्तरं पुरती जुळणं हीच दुर्मिळ गोष्ट आहे. पन्नास मुलांच्या वर्गात ३५ मिनिटांचा तास बसणं आणि घरी टीव्हीसमोर जेवणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. फॉर्म भांडणाच्या दिवशी भरू नका, आणि आई-बाबांनी वेगवेगळा भरा. "फार मस्ती करतो" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. "जेवताना २० मिनिटांत सहा-सात वेळा उठतो, गेल्या वर्षापासून, मामाकडेही" यावरून कळतं. मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, दोन वह्या, जन्माच्या वेळचे कागद आणि वर सांगितलेली वही बरोबर न्या. मूल वर्गात वयानं सगळ्यात लहान असेल तर तेही सांगा. अशा मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, कधीकधी नुसत्या वयामुळे.

एडीएचडीचं निदान करणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. 'ब्रेन मॅपिंग'ची महागडी पॅकेजेस निदानासाठी घेऊ नका. पुण्याच्या ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जी तपासणी होते, तिच्या यादीत एडीएचडी आहे. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : गोळी सुरू होऊन दोन महिने झाले. चांगला वागला की आम्ही म्हणतो, गोळी लागू पडली. वाईट वागला की विचारतो, "गोळी घेतलीस का?" परवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्राला मारलं आणि म्हणाला, "आज गोळी नव्हती ना." — बिबवेवाडी

तुमच्या मुलानं घरातलं स्पष्टीकरण जसंच्या तसं उचललंय. कॅनडातल्या शार्लट जॉन्स्टन आणि वेंडी फ्रीमन यांनी १९९७ मध्ये दाखवलं की एडीएचडीच्या मुलांचे पालक मुलाचं वाईट वागणं त्याच्या आतलं, टिकणारं आणि त्याच्या ताब्याबाहेरचं मानतात. चांगलं वागणं मात्र इतर पालकांच्या तुलनेत तितकंसं त्याचं स्वतःचं किंवा टिकणारं मानत नाहीत. "आज कसा काय शहाण्यासारखा!" या वाक्यात तेच आहे. वाईट ते त्याचं, चांगलं ते गोळीचं. मग मुलाच्या वाट्याला काय उरलं?

आधी गोळीचं बघू. साध्या मिथाइलफेनिडेटचा (एडीएचडीवरचं नेहमीचं औषध) परिणाम ३ ते ४ तास राहतो, दीर्घकाळ चालणाऱ्या प्रकाराचा ८ तास किंवा जास्त. म्हणजे संध्याकाळी पार्किंगमध्ये खेळताना सकाळची गोळी बहुधा उतरलेलीच असते, आणि उतरताना काही मुलं तासभर चिडचिडी होतात. ही वेळ वहीत टिपून डॉक्टरांना सांगा. डोस मनानं वाढवू नका. भूक मरते, म्हणून गोळी नाश्त्यानंतर द्या आणि रात्रीचं जेवण भरपेट ठेवा. वजन, उंची, नाडी, रक्तदाब ठरलेल्या भेटीत मोजून घ्या. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध असेल तर पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात, दोन दिवसांत 'चालत नाही' म्हणू नका. मिथाइलफेनिडेटसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि ते सगळ्या दुकानांत मिळत नाही. शेवटची स्ट्रिप अर्धी झाली की आणायला निघा.

गोळी मोठ्यांनी द्यायची, सकाळी, आणि कॅलेंडरवर खूण करायची. म्हणजे भांडणानंतर, चारचौघांत "घेतलीस का?" विचारायची वेळ येणार नाही. मारण्याचा नियम गोळी असो-नसो एकच : खेळ तिथेच थांबवायचा, घरी यायचं, शांत झाल्यावर मित्राकडे जाऊन माफी मागायची. त्याला सांगा, "गोळीनं तुला थांबायला अर्धा सेकंद जास्त मिळतो. त्या अर्ध्या सेकंदात काय करायचं ते तू ठरवतोस."

आणि ज्या दिवशी तो ठरवेल, त्या दिवशी ते नेमकं बघायला तुम्ही तिथे असा. गोळीचं नाव न काढता म्हणा, "त्यानं बॅट हिसकावली, तुझा हात वर गेला होता, आणि तू तो खाली घेतलास. मी बघितलं."